आधी चटणी विका, मशीन नंतर: सातारा जिल्ह्यात घरगुती उद्योग सुरू करणाऱ्या बायकांसाठी

आमच्या ओसरीत अनुदानाच्या नादात घेतलेला एक पल्व्हरायझर (मसाला दळायचं विजेचं मशीन) आठ महिने ताडपत्रीखाली उभा होता. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जायचा. 'थ्री फेज जोडणी लागेल' एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं होतं. ती मिळायला किती दिवस जातात हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. कोंबड्या त्या मशीनवर बसायच्या. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायच्या, "हा आमच्या सूनबाईंचा कारखाना."

वीज आली तेव्हा दुसरं कळलं. आमची कांदा-लसणाची चटणी (बाहेरचे तिला मसाला म्हणतात, आम्ही चटणीच) पल्व्हरायझरमध्ये नीट होतच नाही. तळलेला कांदा, लसूण, खोबरं आत गेलं की तेल सुटतं आणि जाळी तुंबते. तिला डंखच (मुसळांनी कुटणारी गिरणी) पाहिजे. गिऱ्हाईकही पहिला प्रश्न तोच करतं, "डंखावर कुटलीय ना?"

मी खटाव तालुक्यातली. आता धंदा बरा चाललाय, म्हणून आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायका विचारायला येतात. जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "ताई, अनुदान कुठलं मिळंल?" माझ्या यादीत अनुदान सहाव्या पायरीवर आहे. मी ते पहिल्या पायरीवर धरलं होतं, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. उदाहरणं चटणीची आहेत, पण पापड, शेवया, शिवणकाम, काकवी काहीही असलं तरी क्रम हाच ठेवा.

1. पाच किलो करा आणि अनोळखी माणसाला विका

नणंदेनं, शेजारणीनं "छान झालीय" म्हटलं, ते सोडून द्या. अनोळखी माणसानं खिशातून पैसे काढले तरच ते मत धरायचं.

आपल्या भागात यासाठी दोन जागा चांगल्या आहेत. एक म्हणजे यात्रा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची असो किंवा आपल्या गावची चैत्र-वैशाखातली. दुसरी जागा मुंबईकर. घाटकोपर, लालबाग, नवी मुंबईत राहणारी आपली माणसं यात्रेला गावी येतात आणि जाताना वर्षाची चटणी घेऊन जातात. आईचे हात थकले, डंखावर रांगेत उभं राहायला वेळ नाही, अशी घरं दरवर्षी वाढताहेत. माझी पहिली 22 किलो चटणी अशीच गेली. पुढची ऑर्डर फोनवर आली आणि माल रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून गेला.

हे करताना एक सवय मोडावी लागेल. 'मूठभर धणे, अंदाजानं मीठ' चालणार नाही. काटा घ्या आणि ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खसखस किती ग्रॅम, सगळं लिहून ठेवा. दुसऱ्या खेपेला चव बदलली की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही, आणि का येत नाही ते सांगतही नाही.

2. खर्चाची वही

हीच पायरी बहुतेक जणी गाळतात. मीही गाळली होती. पहिल्या वर्षी मी 400 रुपये किलोनं चटणी विकली आणि खूश होते. मग प्रशिक्षणात एका बाईंनी मला फळ्यासमोर उभं करून 10 किलोचा हिशेब मांडायला लावला. आकडे त्या वेळचे आहेत, तुमचे वेगळे येतील:

- मिरची 5 किलो: 1,300
- खोबरं, कांदा, लसूण: 720
- धणे, तीळ, खसखस, खडा मसाला: 900
- तेल, मीठ: 180
- डंखाची कुटाई, 40 रुपये किलोनं: 400
- गॅस: 150
- पाव किलोची 40 पाकिटं, लेबलसह: 240
- येणं-जाणं: 200
- दोघींची एक दिवसाची मजुरी, 350 प्रमाणे: 700

बेरीज 4,790. म्हणजे किलोला 479 रुपये पडत होते आणि मी 400 ला विकत होते. माझ्या डोक्यात फक्त पहिल्या चार ओळी होत्या, 3,100 रुपये. दहा किलोमागं 900 रुपये सुटतात असं मी घरात सांगायची. खरं तर 790 रुपये जात होते. ते जाणवत नव्हतं, कारण मजुरी माझी आणि जावेची होती आणि ती आम्ही कधी धरलीच नव्हती. आता मी एक किलो चटणी विकली तरी आधी मजुरी बाजूला काढते. जाऊबाईंचे पैसे त्यांच्या खात्यात जातात, माझ्या डब्यात नाही.

दुकानात माल ठेवायचा असेल तर दुकानदाराचे 15 ते 20 टक्के आणि फुटलेली, परत आलेली पाकिटं याच वहीत धरा.

आणखी एक गोष्ट. नवी मिरची बाजारात येते तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, वर्षाची बरीचशी खरेदी उरकून घ्या. कडक वाळवून, देठ काढून, गोणीत नीट बांधून ठेवली तर टिकते. ऐन मे महिन्यात किलोकिलोनं घेणाऱ्या बाईचा नफा व्यापारी खातो.

3. नाव जुळवा

हा भाग पुरुषांच्या मार्गदर्शकात सापडणार नाही, कारण त्यांना ही अडचण येतच नाही. आपल्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच आणि पासबुकावर नुसतं 'सुनीताबाई' असं काहीतरी. अर्ज ऑनलाइन भरताना आधार आणि पॅन जुळले नाहीत की गाडी तिथंच थांबते.

माझा सल्ला असा: आधारवर जे नाव आहे ते पक्कं धरा आणि पॅन, बँक, रेशनकार्ड त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नाच्या नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा, दोन्ही नावांचा दुवा तोच. तो नसेल तर ग्रामपंचायतीत विचारून आधी तो काढा. काही ठिकाणी राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात. तिला वेळ लागतो, म्हणून कर्जाच्या घाईत असताना ती सुरू करू नका. मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा आणि तो तुमचाच हवा. नवऱ्याचा किंवा पोराचा नंबर जोडलेला असला तर ओटीपी येतो तेव्हा तो माणूस रानात असतो.

दुसरी गाठ जागेची. घर बहुधा सासऱ्यांच्या नावावर असतं. त्यांच्याकडून स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र किंवा भाडेकरार करून घ्या आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा (घराचा) उतारा काढा.

एका प्लास्टिकच्या फाइलीत हे सगळं ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स:

- आधार, पॅन, चार फोटो
- बँक पासबुक आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट
- रेशनकार्ड, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला
- लग्नाच्या नोंदणीचा दाखला
- नमुना 8 चा उतारा, संमतीपत्र किंवा भाडेकरार, वीजबिल
- जातीचा दाखला (ज्या योजनेत लागतो तिथं)
- गटात असाल तर गटाचा ठराव आणि व्यवहाराची नोंदवही
- पायरी 2 ची वही. ही कुणी मागत नाही, तरी न्या.

4. शिकायला कुठं जायचं

फुकट शिकायच्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. अडचण निवडीची आहे. मी एका वर्षात पाच प्रमाणपत्रं जमवली होती आणि चटणी मात्र एक किलो विकली नव्हती.

*आरसेटी*, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. माझ्या वेळी वयाची अट 18 ते 45 होती. तिथलं प्रमाणपत्र बँकेत कामाला येतं, आणि नंतर दोन वर्षं ते तुमचा पाठपुरावा करतात. हा पाठपुरावा मागून घ्या, बायका बुजून फोन करत नाहीत. घर सोडून राहायला परवानगी मिळत नसेल तर गटातल्या दोघी-तिघींनी मिळून नाव द्या. मग घरातले लोक फार बोलत नाहीत.

*कृषी विज्ञान केंद्र*. आपल्या जिल्ह्यात बोरगावला आणि कराडजवळ कालवडेला आहे. पदार्थ टिकवणं, वाळवणं, ओलावा यांबद्दल विचारायचं तर इथं.

*उमेद आणि माविम*, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ. गटात असाल तर तुमच्या गावच्या सीआरपी ताईंना (गावात गटांचं काम बघणाऱ्या) गाठा. माविम 1975 पासून फक्त बायकांसाठी काम करतं. गटाची पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे) कागदावर कंटाळवाणी वाटते. पण बँक गटाचं मोल त्यावरूनच करते.

*म्हसवडची माणदेशी*, बायकांसाठीची संस्था. माण-खटावच्या बायकांना ही सांगायला नको. हिशेब, मोबाईलवरचा व्यवहार, धंद्याचं शिक्षण, आणि गावात बस आणून भरवलेली शाळासुद्धा.

यातलं एक निवडा, आणि आधी पहिल्या दोन पायऱ्या करून जा. ज्यांच्या वहीत आकडे असतात त्याच प्रश्न विचारू शकतात.

5. नोंदणी, लेबल, काटा

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन पुरतं, कागद चढवावे लागत नाहीत. सापळा असा, की इंटरनेटवर शोधलं की सरकारीसारखी दिसणारी खासगी पानं आधी येतात आणि हजार-दोन हजार रुपये मागतात. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नं संपतोय का ते बघा. सेवा केंद्रवाल्या पोरानं फॉर्म भरायचे शंभरेक घेतले तर तो त्याचा मेहनताना, पण 'सरकारी फी' म्हणून घेत असेल तर उठून या.

खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवाना हवाच. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आतल्या विक्रीला साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला 100 रुपये होती. अर्ज करताना चालू मर्यादा बघून घ्या. 14 आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा.

लेबलवर आणखी हवं ते: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह. लेबलं एकदम पाच हजार छापू नका. मी छापली आणि त्यात वजन 'ग्रॅम'ऐवजी 'ग्राम' पडलं. सातारच्या छापखान्यात कमी छपाईला दर जास्त लागतो, तरी पहिल्यांदा पाचशेच घ्या.

काटा वैधमापन खात्याच्या शिक्क्याचाच हवा आणि तो शिक्का दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. घरातला स्वयंपाकाचा काटा विक्रीला चालत नाही. हे मला एका प्रदर्शनात तपासणी आली तेव्हा कळलं.

जीएसटीची धास्ती बाळगू नका. माल राज्यातच विकत असाल आणि वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही.

6. कर्ज आणि अनुदान

आता तुमचा प्रश्न. अनुदान म्हणजे हातात येणारी रोकड नाही. बहुतेक योजनांत आधी बँकेनं कर्ज मंजूर करावं लागतं. मग अनुदान बँकेत येतं आणि तीन वर्षं वेगळ्या खात्यात अडकून पडतं. धंदा चालू राहिला आणि हप्ते गेले तर ते कर्जात वळतं होतं. 'सरकार दोन लाख देतंय' हे खरं आहे, पण ते दोन लाख तुमच्या हातून खर्च होत नाहीत.

सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा नमुना बघा. यंत्र-शेडचा प्रकल्प 6 लाखांचा धरला तर 10 टक्के, म्हणजे 60,000 तुमचे. उरलेले 5 लाख 40 हजार बँकेचे. अनुदान 35 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार (या योजनेत एका उद्योगाला जास्तीत जास्त 10 लाख). हप्ता बसेल त्याचं गणित सुरुवातीला सगळ्या कर्जावर करून बघा, कारण अनुदान यायला उशीर होतो आणि बँक तोवर थांबत नाही. या योजनेत गटांना प्रत्येक सदस्यामागं 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलही आहे. अर्ज भरून द्यायला कृषी खात्यानं जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अर्जदारानं त्यांना पैसे द्यायचे नसतात.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्रातून चालतो. त्यात महिलांना ग्रामीण भागात 35 टक्के, शहरात 25 टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. मराठा समाजातल्या भगिनींसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. पण पात्रता प्रमाणपत्र कर्ज मंजूर व्हायच्या आधी काढायचं आणि हप्ता वेळेवर भरला तरच व्याज परत मिळतं. काहीच नको, थोडकं भांडवल हवं, तर मुद्रा योजनेचं शिशु कर्ज 50,000 पर्यंत, तारणाशिवाय. आणि सगळ्यात सोपं आपल्या गटाचंच कर्ज. मी तिथूनच सुरू करायला सांगते. योजनांच्या मुदती आणि टक्के बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू काय आहे ते विचारा.

इथले सापळे:

*एका कुटुंबात एकच.* नवऱ्याच्या नावावर आधी अनुदान घेतलं असेल तर तुमचा अर्ज अडतो. घरात आधी विचारा. आमच्या गावात एकीला हे सहा महिन्यांनी कळलं.

*नाव तुमचं, पैसा दुसऱ्याचा.* 'बाईच्या नावावर जास्त अनुदान मिळतं' म्हणून दीर-नवरे अर्ज करतात आणि पैसा ट्रॅक्टरच्या टायरात जातो. हप्ता थकला की सिबिल (कर्जफेडीची नोंद) तुमचा बिघडतो. सही करण्याआधी एवढंच ठरवा: खात्याचं एटीएम कार्ड कुणाकडं राहणार.

*जामीन.* मैत्रिणीला नाही म्हणणं जड जातं, पण तिचं थकलं तर तुमच्या नोंदीवर येतं.

*टक्केवारीवाला.* 'साहेबांशी बोलतो, अनुदानातले दहा टक्के द्या' म्हणणारा भेटेलच. त्याच्या चहाला थांबू नका.

वही घेऊन बँकेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब आमच्या ह्यांच्याकडं बघून विचारत होते, "यांना जमेल का?" मी वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "पावसाळ्यात कोण चटणी घेतं? जून ते ऑक्टोबर हप्ता कुठून भरणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. रागानं परत आले, पण प्रश्न बरोबर होता. दीड महिन्यानं शेंगदाणा, कारळं आणि जवसाच्या कोरड्या चटण्यांचा हिशेब घेऊन गेले. या चटण्या बारा महिने खपतात. त्या वेळी ह्यांना घरीच ठेवलं.

जाताना धीर लागला तर म्हसवडची गोष्ट आठवा. माणदेशीच्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेसाठी परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका काही महिने अक्षरं गिरवून परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. 1997 मध्ये बँक सुरू झाली.

7. मशीन

आता घ्या. पण आधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: खांब किती लांब आहे, ट्रान्सफॉर्मरवर भार शिल्लक आहे का, जोडणीला किती दिवस लागतील. मशीन किती एचपीचं आहे ते कोटेशनवर लिहून आणलेलं असू द्या. कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या. वर्षभर चाललेलं तेच मशीन कुणाकडं आहे ते विकणाऱ्याला विचारा आणि तिथं जाऊन अर्धा दिवस बसा. आवाज, धूळ, पाती किंवा मुसळ बदलायला किती खर्च, हे तिथंच कळतं. शक्य असेल तर पहिले दोन हंगाम गावच्या डंखावर कुटाई देऊन काढा. किलोला 40 रुपये जातात खरे, पण त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही.

8. उधारी

यावर फार बोलत नाही, कारण प्रत्येकीला आपापली ठेच लागतेच. गावातल्या आणि नात्यातल्या दुकानात माल ठेवताना मी आता पाच-पाच पाकिटंच देते. मागच्या पाचांचे पैसे आले की पुढची पाच. हे पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली होती, कारण दुकान चुलत दिरांचं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग गल्ला उघडून पैसे मोजून दिले आणि म्हणाले, "वहिनी, या खेपेला दहा ठेवा."

मी पाचच ठेवली.